घरात वेगळा, जिन्यात एक : पाथर्डी फाट्याकडच्या एका सोसायटीचं कचऱ्याचं प्रकरण

आधी सोसायटी कशी आहे ते सांगतो म्हणजे पुढचं नीट कळेल. नाशिकमध्ये पाथर्डी फाट्याच्या बाजूला, दोन विंग, सहा-सहा मजले, मजल्याला चार फ्लॅट, म्हणजे ४८ घरं. त्यातली एक तृतीयांश तरी भाड्याने दिलेली, भाडेकरूंमध्ये अंबड-सातपूरला कंपनीत जाणारी पोरं, एका फ्लॅटमध्ये नर्सिंगच्या मुली, बाकी फॅमिली. मागे छोटी बाग, कंपाउंडला लागून बदाम आणि सोनमोहर. झाडलोट आणि कचऱ्याला एक मावशी आहेत, त्या सकाळी साडेसहाला येतात आणि आठच्या सुमाराला घंटागाडी गेटवर येते, म्हणजे त्यांच्या हातात जेमतेम दीड तास. मी कमिटीत आहे, हे प्रकरण सुरुवातीपासून जवळून बघितलंय, आणि नाशिकमधल्या कितीतरी सोसायट्यांत आज हेच चालू असणार अशी माझी खात्री आहे म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

झालं असं की एका सकाळी गाडीवरच्या मुलाने आमचा ड्रम उचलला, आत बघितलं आणि परत खाली ठेवला. "मावशी, हा मिक्स आहे, मिक्स घ्यायचा नाही असं सांगितलंय वरून." दुसऱ्या दिवशी पण तेच. पार्किंगमध्ये ड्रम साठायला लागले, वास सुटला, कुत्री यायला लागली, आणि ग्रुपवर मेसेजचा पाऊस. गंमत नाही सांगत, जवळजवळ प्रत्येकाचं म्हणणं एकच होतं की आम्ही तर ओला-सुका वेगळाच देतो हो, मग मिक्स कसा? मग संशय सुरू झाला. कोणी म्हणे भाडेकरू करत असतील, कोणी म्हणे मावशी लक्ष देत नाहीत, बी विंगवाले ए विंगवर ढकलतायत आणि ए विंगवाले बी विंगवर. गाडीवरच्या मुलांना पण बोलून झालं. त्यांचं मात्र काही चुकलं नव्हतं, न वर्गीकरण केलेला कचरा परत करणं हे त्यांचं कामच आहे.

आपल्याला लागू आहे का नाही

मीटिंग बोलावली तर पहिला मुद्दा हाच निघाला की आपण शंभर किलोच्या आत आहोत, आपल्याला हे नियम नाहीत. हा गैरसमज फार ठिकाणी आहे. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमात शंभर किलोची रेषा आहे ती "मोठे कचरा उत्पादक" ठरवायला. रोजचा सरासरी कचरा शंभर किलोच्या वर गेला की तुमच्यावर जास्तीची जबाबदारी येते. शिवाय पाच हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या गेटेड सोसायट्यांनी ओला कचरा जमेल तितका आवारातच जिरवायचा असं त्यात होतं. पण ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा वेगळा करून देणं हे प्रत्येक घराला होतं, वन रूम किचन असो नाहीतर बंगला. तिथे किलोचा काही संबंधच नाही.

आता १ एप्रिल २०२६ पासून नवे नियम लागू झालेत, त्यात तीनाचे चार भाग झाले : ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा, म्हणजे जुनी औषधं, बल्ब-ट्यूब, रंगाचे डबे वगैरे. मोठ्या उत्पादकाची रेषा पण बदलली, २० हजार चौरस मीटर बांधीव क्षेत्र, किंवा दिवसाला ४० हजार लिटर पाणी, किंवा शंभर किलो कचरा, यातलं काहीही एक भरलं की तुम्ही त्यात. आम्ही हिशोब केला : ४८ घरं, घरटी चार माणसं, माणशी १३५ लिटर धरलं तर २६ हजार लिटरच्या आसपास. किराणा दुकानातून तोलकाटा आणून कचरा तोलला तर साठ किलोच्या आत-बाहेर, त्यात निम्म्याहून जास्त ओला. म्हणजे आम्ही मोठे उत्पादक नाही, पण वेगळा करून देण्यातून सुटका पण नाही. एवढं कागदावर मांडून दाखवलं आणि मीटिंगमधला अर्धा आवाज बसला.

एक गोष्ट नाशिककरांना फारशी माहीत नसते म्हणून इथे मुद्दाम सांगतो. हे नियम कोणाच्या तरी हट्टातून आलेत. अल्मित्रा पटेल यांनी १९९६ साली सुप्रीम कोर्टात जनहित याचिका केली, त्यातून २००० सालचे पहिले नियम आले, आणि या बाई आपल्या देवळालीच्या बार्न्स शाळेत शिकलेल्या. मला तरी याचा अभिमान वाटतो.

ड्रमच्या मागे मागे

मीटिंगमधून एकच चांगली गोष्ट निघाली, दुसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या की भांडण बंद करा, कचरा कुठे मिक्स होतोय ते आधी डोळ्यांनी बघू. मग त्या आणि मी सकाळी मावशींबरोबर वर गेलो.

सहाव्या मजल्यापासून सुरुवात. मावशींकडे एकच ड्रम, निळा, केमिकलचा असतो तो अर्धा कापलेला, दोन बाजूंना भोकं पाडून सुतळीची दोरी बांधलेली. पहिल्या दारात दोन बादल्या, हिरवी आणि निळी, अगदी व्यवस्थित. मावशींनी हिरवी ड्रममध्ये उपडी केली, मग निळी घेतली आणि ती पण त्याच ड्रममध्ये. पुढच्या दारात पण तसंच. काकूंना राहवलं नाही, "अहो मावशी, त्यांनी वेगळं ठेवलंय ना?" तर मावशी म्हणाल्या, "ठेवलंय ना ताई, मी कुठं नाही म्हणते. पण मला हात दोन. एका हातात ड्रम, एका हातात कठडा."

कठडा कशाला, तर त्या जिन्याने उतरतात. लिफ्टच्या दारावर आमच्याच कमिटीची पाटी आहे, बरीच जुनी : "कचरा, सायकल व बांधकाम साहित्य लिफ्टमधून नेण्यास सक्त मनाई आहे." कधीतरी पिशवी गळून लिफ्टमध्ये डाग पडले, वास आला, कोणीतरी तक्रार केली आणि पाटी लागली. त्या दिवसापासून एक बाई सहा मजले, दोन विंग, भरलेला ड्रम घेऊन जिन्याने उतरते आणि ते पण आठच्या आत. दोन ड्रम ती नेणार कशी? म्हणजे घरातल्या लोकांचं म्हणणं खरं होतं, ते खरंच वेगळा देत होते. गाडीवाल्याचं पण खरं होतं. मावशींचं तर त्याहून खरं होतं. कचरा मिक्स होत होता तो आमच्या जिन्यात, आणि त्याला कारण आमचीच पाटी.

मला या सगळ्या प्रकरणातून सांगायचंय ते हेच आहे. आपण सगळा जोर घराघरावर लावतो, बादल्या वाटा, पोस्टर लावा, शाळेतल्या मुलांकडून घोषणा म्हणून घ्या. पण दारापासून गाडीपर्यंतचा जो पंधरा-वीस मिनिटांचा प्रवास आहे तो कोणी बघत नाही, आणि तो ज्या बाईच्या हातात आहे तिला मीटिंगला कोणी बोलवत नाही.

खाली आल्यावर आम्ही ताडपत्री टाकली आणि ड्रम तिच्यावर ओतला. गाठी मारलेल्या कॅरीबॅग, आत वरणभात, भाजीची देठं, चहाचा चोथा. हा खरं तर वेगळा केलेला ओला कचरा होता, पण प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून दिला की त्याचा उपयोग काय, पुढे कोणीतरी ती पिशवी हाताने फाडणार. पिझ्झाच्या खोक्याला ग्रेव्ही चिकटलेली. दुधाच्या पिशव्या ढीगभर, आत दूध तसंच, आंबलेलं. दाढीचं ब्लेड उघडं. खोकल्याच्या औषधाची अर्धी बाटली. फुलांचा हार, दोऱ्यासकट. कागदात न गुंडाळलेले डायपर. आणि चिवड्याच्या रिकाम्या पाकिटात इन्सुलिनच्या सुया, टोपण नसलेल्या. काकूंनी मावशींचा हात हातात घेऊन बघितला, रबरी ग्लोव्हज होता पण अंगठ्याला फाटलेला आणि अंगठ्यावर जुनी-नवी कापलेली खूण. "लागतंच ओ," एवढंच म्हणाल्या त्या.

त्या ताडपत्रीचा फोटो आम्ही ग्रुपवर टाकला, कोणाच्या घरातलं काय ते न सांगता. त्यानंतर कोण कोणावर ढकलतंय हे थांबलं.

मशीनचा मोह

याच काळात एक मशीनवाला येऊन गेला, ओला कचरा टाका आणि चोवीस तासात खत घ्या असं म्हणत, कोटेशन लाखांमध्ये. चेअरमन काकांना ते आवडलं होतं, त्यांच्या मते एकदा पैसे खर्च केले की डोकेदुखी संपली. मी आणि अजून दोघांनी विरोध केला. कारण एक, चोवीस तासात कचरा बारीक होतो, गरम होऊन सुकतो, पण ते पिकलेलं खत नसतं, पाणी लागलं की परत सडायला लागतं, नीट खत व्हायला महिना-दीड महिना जातोच. दुसरं, मशीनला वीज लागते, लाकडाचा भुसा लागतो, चालवणारा माणूस लागतो. आणि तिसरं जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटत होतं, मशीनमध्ये टाकायचा कचरा आधी वेगळा असावा लागतो! जिन्यातला प्रश्न सोडवल्याशिवाय मशीनच्या पात्यात चमचे आणि डायपरच जाणार. आमचा ओला कचरा तीस-पस्तीस किलो, तो गाडी रोज न्यायला तयार आहे, मग लाखभर रुपये कशाला घालायचे? ज्या सोसायट्या खरंच मोठ्या उत्पादकांत बसतात त्यांचं गणित वेगळं, त्यांनी जरूर बघावं. आमचं तसं नव्हतं.

काय केलं

पहिली गोष्ट पाटी काढली. दुसऱ्या विंगमधले आजोबा नाराज झाले, त्यांची तक्रार रास्त होती, त्यांना श्वासाचा त्रास आहे, लिफ्टमध्ये वास नको. मग असं ठरलं की सकाळी पावणेसात ते साडेसात लिफ्ट मावशींची, ड्रमला झाकण, खाली चाकं, आणि लिफ्टमध्ये जाड रबरी मॅट जी नंतर बाहेर काढून धुवायची. आजोबा तयार झाले.

दुसरी गोष्ट मावशींनीच सुचवली, आम्हाला सुचली नव्हती. सुका कचरा सडत नाही ना, मग तो रोज कशाला घ्यायचा? ओला रोज, सुका फक्त बुधवारी आणि शनिवारी. त्यामुळे रोजच्या फेरीला एकच प्रकार हातात, मिक्स व्हायचा प्रश्नच येत नाही. बुधवार-शनिवार दोन फेऱ्या लागतात, त्याचे पैसे वेगळे. दर फ्लॅटमागे महिना तीस रुपये वाढवले, ४८ घरांचे १४४० होतात, ते पूर्ण मावशींना. तीस रुपयांवर पण बोलणारे बोलले, पण ताडपत्रीचा फोटो सगळ्यांनी बघितला होता.

ओला कचरा पिशवीत द्यायचा नाही, बादलीत सुटा द्यायचा, बादलीच्या तळाला वर्तमानपत्र टाकायचं म्हणजे चिकटत नाही. हे ऐकायला सोपं पण इथेच सगळ्यात जास्त कुरकुर झाली कारण बादली रोज धुवायला लागते. ज्यांच्याकडे कामाला बाई येतात तिथे बादली त्याच भरतात आणि त्याच बाहेर ठेवतात, आणि त्यांच्यापर्यंत आमचा एकही मेसेज पोचलेला नव्हता, ग्रुपवर त्या नाहीतच. काकूंनी एका दुपारी सगळ्या कामवाल्या तायांना खाली चहाला बोलावलं आणि कचरा समोर ठेवून दाखवलं. अंड्याची टरफलं, हाडं, चहाचा चोथा, खरकटा टिश्यू ओल्यात. केर, केसांचा गुंता, चिप्सची पाकिटं सुक्यात. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडायचा नाही, तो एवढासा तुकडा गटारात जातो आणि कोणाच्या हाती लागत नाही, मग पिशवी विसळून उलटी वाळवायची. त्या चहाच्या बैठकीने जे काम झालं ते आमच्या सगळ्या नोटिसांनी मिळून झालं नव्हतं.

आणि अजून एक ठराव केला, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. मिक्स कचरा दिसला तर मावशींनी तो उचलायचा नाही, दारात ठेवून पुढे जायचं. दंड ठेवला नाही, कारण दंड घेणारा माणूस रोज कोण होणार आणि भांडणं वाढतात. पण नाही म्हणायचा अधिकार मावशींना लेखी दिला. एकदा एका सरांनी मावशींवर आवाज चढवला, तुम्ही पगार कशाचा घेता म्हणून, तर चेअरमन काका स्वतः वर गेले आणि सांगितलं, मावशींनी नाही म्हटलं म्हणजे कमिटीने नाही म्हटलं. परत असं झालं नाही. काका मशीनच्या बाजूचे होते, पण त्या दिवशी ते जसे उभे राहिले त्याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो.

डायपर, पॅड आणि सुया

हा भाग नाजूक आहे. जुन्या नियमात पॅड-डायपर नीट गुंडाळून सुक्यात टाकायचे होते, आता ते वेगळेच द्यायचेत. कंपन्यांनी गुंडाळायला पाऊच द्यावेत असं नियमात २०१६ पासून लिहिलंय, पण हातात पाऊच नसला तर वर्तमानपत्र. पुण्यात कचरावेचक बायकांनी लाल ठिपक्याची मोहीम चालवली होती, कागदात गुंडाळायचं आणि वरून लाल ठिपका काढायचा, म्हणजे उचलणाऱ्या बाईला न उघडता कळतं आत काय आहे. आम्ही तेच घेतलं. प्रत्येक घरात एक लाल स्केचपेन दिला आणि ड्रमच्या ट्रॉलीला एक वेगळी झाकणाची बादली टांगली.

तरी एका घरातून काळ्या पिशवीत, ओल्याच्या खाली दडवून मोठ्या माणसांचे डायपर येतच राहिले. मावशींना घर माहीत होतं पण त्यांनी नाव सांगितलं नाही, फक्त काकूंना बाजूला घेऊन म्हणाल्या की त्या घरात आजी अंथरुणाला खिळून आहेत, सुनेला लाज वाटते. काकू सहज भेटायला म्हणून गेल्या. त्या सुनेला वाटत होतं की लाल ठिपक्याची एवढी पाकिटं दाराबाहेर दिसली की मजल्यावर चर्चा होईल. तोडगा असा निघाला की त्या घराला झाकणाची मोठी बादली दिली आणि मावशी ती दारातून न घेता बेल वाजवून आतून घेतात. नियम सगळ्यांना सारखा हे खरंच आहे, पण तो पाळायची सोय घरागणिक वेगळी करावी लागते, आणि ती कोणीतरी जाऊन विचारल्याशिवाय कळत नाही.

सुयांचं सोपं होतं. जाड प्लास्टिकची बाटली, फ्लोअर क्लीनरची वगैरे, वर "सुया" लिहायचं, भरली की झाकण टेपने पक्कं करायचं आणि वेगळी द्यायची. सोसायटीत इन्सुलिन घेणारी माणसं आम्हाला वाटलं त्यापेक्षा जास्त निघाली. फुटलेली काच कागदात गुंडाळून वर "काच" लिहायचं. ब्लेड जुन्या डबीत.

निर्माल्य आणि पालापाचोळा

निर्माल्य कचऱ्यात टाकायला ज्येष्ठ मंडळींचा जीव होत नाही, आणि मला ते पटतं. मग काय व्हायचं, पिशवीत भरून कोणी ना कोणी गोदावरीवर घेऊन जायचं, पिशवीसकट. मार्गशीर्षातले गुरुवार, गणपती, नवरात्र आले की अजूनच. आम्ही बागेत एक वेगळी टोपली ठेवली, फक्त फुलं-पानांसाठी, दोरा आणि प्लास्टिक काढून. ती फुलं पालापाचोळ्याच्या खतात जातात आणि खत बागेतल्या तुळशीला, जास्वंदीला. एका आजींनी विचारलं, पायदळी तर येणार नाही ना? नाही येणार म्हटल्यावर त्यांनीच रोज टोपली बघायचं काम अंगावर घेतलं.

पालापाचोळा घंटागाडीच्या गळ्यात मारायचा नसतो, बागेचा कचरा आपल्याच आवारात वेगळा ठेवायचा असं नियमातच आहे. आमच्याकडे हिवाळ्यात वॉचमन तो पेटवायचे, थंडीचे बिचारे शेकत बसायचे. पण राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्येच उघड्यावर कचरा जाळायला दंड लावलाय, साध्या प्रकाराला पाच हजार आणि मोठ्या प्रमाणावर असेल तर २५ हजार. वॉचमनना केबिनमध्ये हिटर दिला आणि पानांसाठी जाळीचे दोन गोल पिंजरे केले. नुसत्या सुक्या पानांना कुजायला फार वेळ लागतो कारण त्यात कर्ब जास्त, नत्र कमी, म्हणून थोडं शेण, ताक, निर्माल्य, आणि ज्यांना हौस आहे अशा सात-आठ घरांची भाजीची देठं. ओलावा पिळलेल्या फडक्याइतका. पावसाळ्यात पहिल्याच जोराच्या पावसाने सगळं लिचपिच झालं, कुजक्या अंड्यासारखा वास यायला लागला, म्हणजे आत हवा जात नव्हती. वर पत्रा टाकला, सुकी पानं मिसळून उलटसुलट केलं, आठवड्याभरात वास गेला. अळ्या दिसल्या तेव्हा पण घबराट झाली होती, पण त्या ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या अळ्या कचराच खातात, माणसाला त्यांचा त्रास नाही.

पुढे कुठे जातं

लोकांना सारखा एक प्रश्न पडतो की आम्ही वेगळं करतो पण पुढे एकत्रच करत असतील. म्हणून हे माहीत असलेलं बरं. पाथर्डीचा खतप्रकल्प आपल्याला जवळचा आहे, तिथे ओल्याचं खत होतं. शिवाय हॉटेलांचा ओला कचरा आणि सार्वजनिक शौचालयातला मैला एकत्र कुजवून गॅस आणि वीज करायचा प्रकल्प नाशिकमध्ये जर्मनीच्या जीआयझेड या सरकारी विकास संस्थेच्या मदतीने २०१७ मध्ये सुरू झाला. अशा ठिकाणी ओल्यात प्लास्टिक, चिंध्या गेल्या की यंत्रं अडकतात. आणि खताचं म्हणाल तर ज्या खतात काचेचे तुकडे आणि बॅटरीचे अंश आहेत ते निफाड-दिंडोरीच्या द्राक्षवाल्याने बागेत का टाकावं? तो मुळाला काय घालतो हे डोळ्यात तेल घालून बघणारा माणूस.

सुक्यातलं जे विकलं जातं, पुठ्ठा, दुधाच्या स्वच्छ पिशव्या, बाटल्या, पत्रा, ते पंप रूमशेजारच्या खोलीत साठवून महिन्याला भंगारवाल्याला देतो. पैसे मावशींचे. आधी त्यांना यातलं जवळजवळ काहीच मिळत नव्हतं कारण सगळं वरणभाताने माखलेलं असायचं.

जे अजून जमलेलं नाही

कंपनीतल्या पोरांचा फ्लॅट अजून पूर्ण मार्गावर नाही. रात्री बाहेरून मागवतात, अर्धं अन्न डब्यात तसंच राहतं आणि डबा तसाच बादलीत. मावशी उचलत नाहीत, दोन दिवसांनी वास यायला लागला की मग ते बसून वेगळं करतात. सुधारतील. नवीन भाडेकरू आला की एनओसी देतानाच कचऱ्याचं पान हातात देतो आणि घरमालकाची सही घेतो.

रिनोव्हेशनचा राडारोडा हा वेगळाच त्रास. घंटागाडी तो घेत नाही, बांधकामाच्या कचऱ्याचे नियमच २०१६ पासून वेगळे आहेत. तरी बाथरूम फोडलं की टाइल्सच्या गोण्या गेटजवळ येऊन पडतात. आता काम सुरू करायच्या आधी डिपॉझिट घेतो, गोण्या ठेकेदाराने रीतसर उचलल्या की परत.

सगळ्यात मोठी अडचण लक्षात आली ती मावशी लेकीच्या बाळंतपणाला गावी गेल्या तेव्हा. बदली आलेल्या बाईंना कोणी काही सांगितलंच नव्हतं, त्यांनी आल्या आल्या एक ड्रम घेतला आणि जिन्याने उतरायला लागल्या, आणि गाडीवाल्याने परत ड्रम ठेवला. म्हणजे आमची सगळी व्यवस्था एका बाईच्या डोक्यात होती. आता ड्रमवर मोठ्या अक्षरात मराठीत लिहून घेतलंय, कुठला वार, काय घ्यायचं, काय नाही. लिफ्टच्या वेळेची चावी वॉचमनकडे असते, त्यांना पण सगळं माहीत आहे. आणि बदली बाई येणार असतील तर आधी दोन दिवस त्या मावशींबरोबर फिरतात, त्या दोन दिवसांचे पैसे मेंटेनन्सच्या बजेटमध्ये वेगळे धरलेत. पुढच्या मीटिंगला मावशींच्या भरपगारी सुट्ट्यांचा विषय आहे, आणि या वेळी त्या स्वतः बसणार आहेत.